बाहेरचा पाऊस दिसतो, आतला दिसत नाही: वॉशिंग्टन-ऑरेगनच्या किनाऱ्यावर आरव्ही नेताना या चुका टाळा

माझं बालपण सावंतवाडीचं. चुलीवर बांधलेल्या दोरीवर वाळवलेला, धुराचा वास मारणारा गणवेश घालून दर पावसाळ्यात शाळेत गेलेला माणूस मी. त्यामुळे ऑक्टोबरात आरव्ही, म्हणजे आत राहता-झोपता येईल अशी घरासारखी गाडी, भाड्याने घेऊन अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या वॉशिंग्टन राज्यातल्या ऑलिम्पिक द्वीपकल्पाला वळसा घालायचा आणि खाली ऑरेगनच्या किनाऱ्यापर्यंत जायचं, असं ठरलं तेव्हा ऑफिसातला एक इथलाच सहकारी म्हणाला, "पाऊस फार असेल हं." मला हसू आलं. पाऊस आणि आम्हाला?

तिसऱ्या रात्री ड्रायव्हरच्या डोक्यावरच्या बंकमध्ये झोपलेला मुलगा "बाबा, पाठीला गार लागतंय" म्हणत उठला. गादीखाली हात घातला तर तळवा ओला. टॉर्च घेऊन छताचा कोपरा न् कोपरा पाहिला. छत कुठेच गळत नव्हतं. ते पाणी आमचंच होतं. चौघांच्या श्वासाचं, दोन वेळच्या चहाचं, रात्रीच्या वरण-भाताच्या तीन शिट्ट्यांचं.

त्यानंतर त्याच किनाऱ्यावर पाच-सहा खेपा झाल्या. कधी आम्हीच, कधी दोन-तीन मराठी कुटुंबं मिळून. खाली लिहिलेल्या चुकांपैकी निम्म्याहून जास्त माझ्या स्वतःच्या आहेत. उरलेल्या शेजारच्या साइटवर, म्हणजे कॅम्पग्राउंडमधल्या गाडी लावायच्या जागेवर, खिडकीतून पाहिलेल्या.

पाऊस ओळखीचा आहे असं समजणं

या द्वीपकल्पावरच्या होह रेन फॉरेस्टमध्ये वर्षाला साधारण १४० इंच, म्हणजे साडेतीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. आंबोलीत याच्या जवळजवळ दुप्पट. हा आकडा वाचून कोकणी माणूस निर्धास्त होतो आणि तिथेच फसतो. आपला पाऊस उबदार. तो कोसळतो, दमतो, मध्येच उघडीप देतो, आणि अंगावरचा शर्ट अंगावरच वाळतो. इथला पाऊस मुख्यतः ऑक्टोबर ते एप्रिल, तोही पाच ते दहा अंशांच्या थंडीत. मुसळधार क्वचितच, पण रिपरिप दिवसरात्र. एकदा भिजलेली वस्तू सहल संपेपर्यंत भिजलेलीच राहते. जुलै-ऑगस्ट हे इथले कोरडे महिने. आपलं कॅलेंडर इथे उलटं टांगायचं.

कपड्यांचं थोडक्यात सांगतो. जीन्स घरी ठेवा, सुती मोजे घरी ठेवा, छत्री तर नक्कीच घरी ठेवा. किनाऱ्यावरच्या वाऱ्यात ती दोन मिनिटांत उलटी होते आणि बघणाऱ्यांना तुम्ही पाहुणे आहात हे लगेच कळतं. लोकरी किंवा सिंथेटिक कपडे, धड रेनकोट, रबरी बूट. बूट दाराबाहेर पायरीखाली प्लॅस्टिकच्या टबात काढायचे. आत चप्पल. हा नियम आजीच्या घरात होता तसाच कडक हवा.

दारं-खिडक्या घट्ट लावून बसणं

ही सगळ्यात मोठी चूक. बाहेर गारठा, आत हीटर, म्हणून माणूस प्रत्येक फट बंद करतो. मग सकाळी काचेवरून ओघळ, ॲल्युमिनियमच्या चौकटीवर थेंब, कपाटाच्या मागच्या भिंतीला ओल, आणि चौथ्या दिवशी तो ओळखीचा कुबट वास.

हिशेब करून बघा. झोपलेला माणूस श्वास आणि घामातून तासाला साधारण ४० ग्रॅम पाणी हवेत सोडतो. चौघंजण, आठ तास: सव्वा लिटर. त्यात स्वयंपाक. शेगडीचा गॅस, म्हणजे प्रोपेन, जळतो तेव्हा त्यातूनही पाणीच तयार होतं. एक किलो प्रोपेन जाळला की दीड किलोपेक्षा जास्त वाफ. गॅसवर नुसतं रिकामं भांडं ठेवलं तरी आरव्हीत दमटपणा वाढतो, हे मला कोणी सांगेपर्यंत सुचलंही नव्हतं. ही सगळी वाफ एका छोट्या खोलीएवढ्या डब्यात कोंडते आणि सगळ्यात थंड पृष्ठभाग शोधून तिथे बसते.

उपाय विचित्र वाटतो, पण चालतो: पाऊस पडत असताना छताची खिडकी उघडी ठेवायची. त्यासाठी तिच्यावर बाहेरून बसवायचं प्लॅस्टिकचं झाकण मिळतं. ते असलं की पाणी आत येत नाही. नसेल तर वाऱ्याच्या विरुद्ध बाजूची एक खिडकी दोन बोटं उघडी. छतावरचा पंखा मंद ठेवून बाहेर हवा फेकायला लावा आणि हीटर त्याच वेळी चालू ठेवा. "अरे, गरम हवा वाया जातेय" असं घरातलं ज्येष्ठ माणूस म्हणणारच. जाऊ द्या वाया. तिच्याबरोबर पाणी जातंय.

गादी रोज सकाळी भिंतीपासून ओढून उभी करायची. खालच्या प्लायवुडला हवा लागली पाहिजे. आम्ही आता गादीखाली जाळीदार चटई घालतो. कपाटांची दारं रात्री किलकिली ठेवायची. काचा पुसायला फडकं नको, ते ओलं होऊन आतच वाळत बसतं. बाथरूमच्या फरशीसाठी असतो तसला छोटा वायपर घ्यायचा, पाणी खाली ओढायचं आणि सिंकमध्ये पिळायचं. विजेची जोडणी असलेल्या साइटवर हवेतली ओल ओढून घेणारा छोटा डीह्युमिडिफायर मिळाला तर सोनंच. ओल शोषणाऱ्या कॅल्शियम क्लोराइडचे डबे कपाटात ठेवायला ठीक आहेत, पण चार माणसांची वाफ त्यांच्या आवाक्याबाहेरची आहे.

स्वयंपाक. कुकर बाहेर, ऑनिंगखाली (गाडीच्या बाजूला उघडणाऱ्या कापडी छपराखाली), टेबलावरच्या गॅसवर. फोडणीही बाहेर. आत फोडणी दिली तर ठसका लागायच्या आधी धुराचा अलार्म कोकलतो आणि मग एकजण टॉवेल हलवत त्याच्याखाली उभा राहतो. शिवाय हिंग आणि मोहरीचा वास दमट गाद्यांत असा मुरतो की गाडी परत देताना काउंटरवरच्या बाईने नाक वर करून "इंटरेस्टिंग" म्हटलेलं मी ऐकलंय.

गळती आणि घाम यांत फरक न करणं

ओल दिसली की लोक दोनपैकी एक चूक करतात. काहीजण गळती समजून भर पावसात निसरड्या छतावर चढतात. काहीजण "वाफच असेल" म्हणून खरी गळती आठवडाभर चालू देतात. दोन्हींत फरक असा: पहाटे सगळ्या काचांवर, स्क्रूंच्या डोक्यांवर सारखे थेंब दिसत असतील, आणि कोरड्या रात्रीनंतरही दिसत असतील, तर तो घाम. एकाच जागी, शिवणीच्या किंवा खिडकीच्या कडेने, पाऊस वाढला की वाढणारं पाणी, कडेला तपकिरी डाग, बोटाने दाबलं तर भिंत मऊ: ती गळती.

तरीही शंका असेल तर ती जागा कोरडी पुसून तिच्यावर प्लॅस्टिकचा चौकोन चारही बाजूंनी टेपने चिकटवा. काही तासांनी प्लॅस्टिकच्या वर पाणी असेल तर ते आतल्या हवेतलं. खाली असेल तर भिंतीतून येतंय. ही युक्ती मला एका कॅम्प होस्टने शिकवली. सत्तरीचे आजोबा, निवृत्तीनंतर दरवर्षी काही महिने कॅम्पग्राउंडवर सेवा करणारे. हे लक्षात ठेवा की पाणी जिथे दिसतं तिथूनच आत शिरलेलं नसतं. छतावरच्या एका दिव्याच्या बुडातून शिरून ते दोन हात लांब जाऊन टपकू शकतं.

भाड्याची गाडी ताब्यात घेतानाच कोपरे दाबून बघा आणि डागांचे फोटो काढा, तारखेसकट. आमच्याकडून एका भाडे-कंपनीने बंकच्या कोपऱ्यातल्या ओलीचे पैसे कापले. तो डाग जुना होता, पण आमच्याकडे पुरावा काय? पावसात ओला झालेला करार.

ऊब हवी म्हणून शेगडी पेटवणं

इथे विनोद नाही. पहाटे चारला फर्नेस, म्हणजे गाडीतला गॅसवर चालणारा हीटर, बंद पडतो, मुलं कुडकुडायला लागतात, आणि कोणीतरी गॅसच्या शेगडीचे दोन्ही बर्नर लावतं किंवा बाहेरची कोळशाची बार्बेक्यू आत आणतं. कोळसा तर कधीही नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंग नसतो आणि झोपलेल्या माणसाला जाग येत नाही. गॅसचा बर्नरही ऊब मिळवण्यासाठी नाही. तो प्राणवायू खातो आणि वर सांगितलेली वाफ ओततो. फर्नेसचं वेगळं आहे. त्याचा जाळ बंद पेटीत असतो आणि धूर बाहेर जातो, म्हणून त्याची ऊब कोरडी. निघायच्या आधी कार्बन मोनॉक्साइडच्या अलार्मचं बटण दाबून तो वाजतो का ते पाहा, आणि त्याच्यावर छापलेली मुदतही वाचा.

आता फर्नेस पहाटे चारलाच का बंद पडतो? बहुतेक वेळा गॅस संपलेला नसतो, बॅटरी संपलेली असते. फर्नेसचा पंखा १२ व्होल्टवर चालतो आणि साधारण आठ अँपियर खातो. रात्रीच्या दहा तासांत तो निम्मा वेळ चालला तरी ४० अँपियर-तास गेले. शंभरच्या साध्या लेड-ॲसिड बॅटरीतून धडपणे वापरण्यासारखे ५०च असतात. बॅटरी खाली गेली की पंखा फिरतो पण मंद. आतला सेल स्विच, म्हणजे हवेचा झोत ओळखणारं बटण, "हवा पुरेशी नाही" असं समजून गॅस पेटूच देत नाही. म्हणजे लक्षण असं: घुर्रघुर्र ऐकू येतं, ऊब येत नाही. अशा वेळी सिलिंडर बदलत बसू नका. इंजिन थोडा वेळ चालू करून बॅटरी चार्ज करा, पण एक्झॉस्टकडच्या खिडक्या बंद करून. छतावर सोलर आहे म्हणून निर्धास्त राहू नका. ढगाळ आभाळ, वर दोनशे फुटी स्प्रूसची झाडं आणि ऑक्टोबरचा तोकडा दिवस, यांत ते नावापुरतं चार्ज देतं.

साइटची लांबी न वाचता बुकिंग करणं

किनाऱ्यावरची सगळ्यात देखणी साइट बहुधा राष्ट्रीय उद्यानात असते, आणि तिथे वीज-पाण्याची जोडणी नसते. कालालॉक, ज्याचा इथला उच्चार 'क्लेलॉक' असा आहे, हे त्याचं उत्तम उदाहरण. कड्यावर कॅम्पग्राउंड, खाली समुद्र, जवळच मुळं अधांतरी लोंबत असूनही हिरवं राहिलेलं ते प्रसिद्ध स्प्रूसचं झाड. पण तिथल्या बहुतेक साइट २१ फुटांच्या गाडीसाठी आहेत, ३५ फुटांच्या मोजक्याच. भाड्याने सहज मिळणारी क्लास सी गाडी (ड्रायव्हरच्या डोक्यावर बंक असलेली) २५ फुटांची असते, आणि मागची शिडी व सायकलचा रॅक त्यात धरलेला नसतो. आमचं नाक रस्त्यात राहिलं. दोन तास पावसात फिरून शेवटी फोर्क्स गावाजवळच्या एका खासगी आरव्ही पार्कात रात्र काढली.

लांबीबरोबर उंचीही. गाडीची उंची चिकटपट्टीवर लिहून ती ड्रायव्हरच्या डोळ्यांसमोर लावा. भिजलेल्या फांद्या जड होऊन खाली येतात. उन्हाळ्यात ज्या साइटवर गाडी सहज गेली, तिथेच ऑक्टोबरात छताला ओरखडा बसतो. आणि छताचं नुकसान भाड्याच्या विम्यात बऱ्याचदा धरलेलं नसतं.

वाऱ्याला आणि रस्त्याला कमी लेखणं

सिएटलकडून फेरीने निघालात तर पहिला धडा तिथेच: बोटीवर चढायच्या आधी प्रोपेनचा व्हॉल्व्ह बंद करावा लागतो. पुढे हूड कॅनालचा तरंगता पूल. काँक्रीटच्या पोकळ पेट्यांवर उभा असलेला हा पूल १३ फेब्रुवारी १९७९ च्या वादळात अर्धा बुडाला होता. म्हणून जोराच्या वाऱ्यात तो अजूनही बंद करतात. बंद दिसला तर वाट बघत ताटकळण्यापेक्षा टॅकोमा-ऑलिंपियाकडून १०१ हायवेने वळसा. वेळ जातो, पण तो रस्ता सुंदर आहे.

रस्तेही वाहून जातात. होहकडे जाणारा एकमेव रस्ता डिसेंबर २०२४ मध्ये नदीने तोडला आणि मे २०२५ मध्ये पुन्हा सुरू झाला. मधले महिने लोक जुन्या माहितीच्या भरवशावर येत होते आणि परतत होते. निघायच्या दिवशी सकाळी उद्यानाचं आणि राज्याच्या वाहतूक खात्याचं पान उघडायचं, आणि ते फोर्क्सच्या आधीच. त्यानंतर दक्षिणेला क्विनॉल्टपर्यंत मोबाइलला रेंज मिळाली तर नशीब. नकाशा आधीच उतरवून ठेवा, पेट्रोल फोर्क्सलाच भरा.

१०१ हायवेवर ओंडके वाहणारे ट्रक मागे लागतात. आपल्याला घाटात मागच्याचा हॉर्न ऐकून न ऐकल्यासारखं करायची सवय असते. वॉशिंग्टनमध्ये, जिथे ओव्हरटेक करणं धोक्याचं आहे अशा दुपदरी रस्त्यावर तुमच्या हळू गाडीमागे पाच वाहनं साचली, की सुरक्षित जागा मिळताच बाजूला होणं हा कायदा आहे. मी तर तीन झाली की होतो. चहाची सबब मिळते.

वॉशिंग्टनमधून ऑरेगनमध्ये शिरताना लागणारा, ॲस्टोरियाचा कोलंबिया नदीवरचा पूल १९६६ मध्ये खुला झाला. लांबी साडेसहा किलोमीटर. बाजूच्या वाऱ्याला उंच आरव्ही म्हणजे शिडाची होडी. दोन्ही हात स्टीअरिंगवर, वेग कमी, आणि मोठा ट्रक समोरून गेल्यावर जो हिसका बसतो तो आधीच धरून चालायचा. वादळाचा इशारा असेल तर पलीकडे जाऊच नका. १२ ऑक्टोबर १९६२ च्या कोलंबस डे वादळाने या भागातली जंगलं अक्षरशः लोळवली होती. भिजलेल्या जमिनीत उथळ मुळांची स्प्रूसची झाडं दगा देतात. तशा रात्री झाडाखालची सुंदर साइट सोडून मोकळ्या पार्किंगमध्ये जायची परवानगी होस्टकडे मागितली, तर कोणी हसत नाही.

गाडी वाळूवर उतरवणं

हर्णै-मुरुडला पर्यटकांची गाडी भरतीत अडकल्याची बातमी आपण दरवर्षी वाचतो आणि "काय माणसं" म्हणतो. वॉशिंग्टनच्या लाँग बीचवर २८ मैलांचा किनारा कायद्याने हायवेच आहे, ताशी २५ मैलांच्या मर्यादेसह. मग मोह होणारच. घट्ट वाळूवर छोटी कार चालते. पाच टनांच्या पुढची आरव्ही वळताना मऊ पट्ट्यात गेली, की मागची जोडचाकं स्वतःची विहीर खणतात. बहुतेक भाडेकरारांत वाळूवर नेणं मनाईच असतं, म्हणजे टोईंगचा खर्च तुमचा. चाक रुतलंच तर ॲक्सिलरेटर दाबू नका. चाकासमोरची वाळू हाताने उपसा, फळ्या किंवा पायपुसणी घाला, टायरमधली थोडी हवा सोडा आणि सावकाश बाहेर या. कॅम्पग्राउंडच्या चिखलातही हेच.

आपल्या किनाऱ्यावरच्या सवयी इथे आणखी एका बाबतीत अंगाशी येतात. मुलं पाण्याच्या कडेला पडलेल्या मोठमोठ्या ओंडक्यांवर चढतात, आईवडील फोटो काढतात. इथे दहा-पंधरा मिनिटं शांत असलेला समुद्र मध्येच एक लाट नेहमीपेक्षा कितीतरी वर पाठवतो, आणि गुडघाभर पाण्यातही तो टनावारी वजनाचा ओंडका गडगडतो. भरती-ओहोटीचं वेळापत्रक बघितल्याशिवाय भूशिराला वळसा घालून पलीकडच्या किनाऱ्यावर जाऊ नका, आणि समुद्राकडे पाठ करून उभं राहू नका.

निळ्या-पांढऱ्या त्सुनामीच्या पाट्याही शोभेच्या नाहीत. २६ जानेवारी १७०० च्या रात्री या किनाऱ्यासमोर सुमारे ९ तीव्रतेचा भूकंप झाला. तारीख इतकी नेमकी कळते, कारण त्याची लाट जपानला पोचली आणि तिथल्या दप्तरात नोंदली गेली. साइटवर पोचल्यावर पहिल्या उजेडात सगळ्यांनी मिळून उंचावर जायची वाट एकदा चालून या. जमीन जोरात हलली तर सायरनची वाट बघायची नाही, आरव्ही सुरू करायची नाही. चप्पल घालून चालत सुटायचं. पहिली लाट पंधरा-तीस मिनिटांतही येऊ शकते, आणि तेवढा वेळ कॅम्पग्राउंडच्या फाटकावरच्या कोंडीत जाईल.

वीज गेली की आधी गाडीला दोष देणं

ऑरेगनच्या न्यूपोर्टजवळ एका संध्याकाळी आमचे निम्मे प्लग मेले. ब्रेकर सगळे वर, खांबावरची वीज ठीक. तासभर डोकं खाजवल्यावर शेजारच्या साइटवरून एक काकू छत्रीशिवाय, शांतपणे आल्या. त्यांनी बाथरूममधल्या प्लगचं छोटं बटण दाबलं आणि सगळं सुरू. तो जीएफसीआय प्लग असतो, ओलीमुळे वीज गळू लागली की ती तोडणारा. गाडीच्या बाहेरचा प्लगही बहुधा त्याच्याच साखळीत असतो. बाहेरच्या झाकणात पाऊस शिरला की आतलं बटण उडतं. पुन्हा पुन्हा उडत असेल तर बटण दाबत राहू नका. बाहेरचा प्लग कोरडा होईपर्यंत थांबा.

दुसरं गणित: ३० अँपियरची जोडणी. दीड हजार वॅटचा हीटर साडेबारा अँपियर खातो, इलेक्ट्रिक किटली तेवढेच, मायक्रोवेव्हही जवळपास तेवढेच. तिन्ही एकदम म्हणजे अंधार. आमच्याकडे आता "किटली!" अशी आरोळी ठोकून मगच चहा ठेवतात. जोडणी करताना खांबावरचा ब्रेकर आधी बंद, मग प्लग, मग ब्रेकर चालू. दोन वायरींचा जोड डबक्यात पडू देऊ नका, आणि घरातली बारीक एक्स्टेन्शन तर आणूच नका.

काही किरकोळ गोष्टी एका दमात. ऑनिंगचा एक कोपरा खाली झुकवा, नाहीतर मध्ये पाणी साचून पखाल होते आणि दांडा वाकतो. रात्री आणि वाऱ्यात ती गुंडाळाच. स्लाइड (गाडीचा बाहेर सरकणारा भाग) आत घ्यायच्या आधी वरची सुया-पानं झाडूने पाडा, नाहीतर ती रबरात अडकून पाण्याला वाट करून देतात. ब्लॅक टँकचा, म्हणजे संडासाच्या टाकीचा, व्हॉल्व्ह जोडणी असतानाही बंद ठेवा. भरल्यावर आधी ब्लॅक मग ग्रे (सिंक-अंघोळीच्या पाण्याची टाकी) सोडा, म्हणजे साबणाच्या पाण्याने पाइप धुऊन निघतो. कढईतलं तेल कागदाने पुसून कचऱ्यात. ग्रे टँकमध्ये ते गोठतं आणि पुढच्या भाडेकरूपर्यंत वास पोचतो. सरपण घरून नेऊ नका. ॲशच्या झाडांना मारणारी एमराल्ड ॲश बोरर ही कीड ऑरेगनमध्ये, फॉरेस्ट ग्रोव्हला, जून २०२२ मध्ये सापडली. लाकडातून ती गावोगाव फिरते. होस्टकडे सुकं लाकूड विकत मिळतं.

सोबत्यांना गृहीत धरणं

दोन-तीन गाड्या निघाल्या की आपली माणसं लग्नाच्या वऱ्हाडासारखी एकमेकांना चिकटून चालवतात. पावसात हे धोक्याचं आहे आणि मागून येणाऱ्याला ओव्हरटेक करता येत नाही. अंतर ठेवा, वॉकी-टॉकी घ्या, आणि चुकामूक झाली तर भेटायची जागा सकाळीच ठरवा.

गाडी मागे घेताना पाचजण "येऊ दे, येऊ दे... बस, बस, अगं सरक!" ओरडतात. दादाच्या गाडीने असाच एक पिकनिक टेबल मोडला. ओरडणारे आम्ही चौघंही होतो. आता नियम आहे: मार्गदर्शक एकच, बाकीचे आत. आरशात त्याचा चेहरा दिसेनासा झाला की ब्रेक.

पावसात सगळे आपापल्या डब्यात कोंडतात आणि मग एका गाडीत बारा माणसं पत्ते खेळायला जमतात. बारा माणसांची वाफ आठवा, आणि भिंतींची जाडीही. रात्री दहानंतर शांतता असते, आणि "नॉट ॲट होम!"ची आरोळी तीन साइट पलीकडे जाते. दुसऱ्याच्या साइटमधून आडवं जाऊ नका. जवळचा रस्ता असला तरी ते त्याचं अंगण आहे. वहिनींनी एकदा ऑनिंगखाली सुके बोंबील भाजले, तेव्हा शेजारची नाही, पण रॅकून मंडळी लगेच हजर झाली. खाणं आणि कचरा, दोन्ही रात्री आत.

शेजाऱ्याशी पहिल्याच संध्याकाळी बोलून ठेवा. फळी, लेव्हलिंगचे ठोकळे, जीएफसीआयचं बटण, हे सगळं मला शेजाऱ्यांनीच दिलं. बदल्यात गरम कांदाभजी. पावसात त्या देवघेवीला भाषा लागत नाही.

ऑरेगनमधल्या फोर्ट स्टीव्हन्सच्या किनाऱ्यावर पीटर आयरडेल या जहाजाचा गंजका सांगाडा अजून उभा आहे. २५ ऑक्टोबर १९०६ रोजी ते तिथे वाळूवर चढलं. गेल्या ऑक्टोबरात आमचा मुक्काम तिथे जवळच होता. आता मुलाने काचा पुसायचं काम स्वतःकडे घेतलंय. सकाळी वायपरने पाणी ओढतो, स्टीलच्या पेल्यात पिळतो आणि पातळी बघून आकडा वहीत लिहितो. त्या दिवशी पेला पाऊण भरला. छताची खिडकी उघडायला मी विसरलो होतो.